अकरा नंबरचा रेचा

१८ नोव्हें. ४६, सोम.
जिनाचा, आमच्या कापसाच्या कारखान्याचा, भोंगा आज पहिल्यांदा माझ्यासाठी वाजला. तसा तो सगळ्या वाशीमसाठीच वाजतो, स्टेशनापलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू जातो. पण आजपासून त्यावर उठायचा हुकूम मलाही.

हुद्दा लेबर ऑफिसर. माझ्याआधी ह्या जागेवर कोणी नव्हतं. खुर्चीसुद्धा नवी, तिला अजून रोगणाचा वास. मॅनेजरांनी (ह्यापुढे मॅ.) मला रेचेघरात, सरकी काढायच्या यंत्रांपाशी, नेलं, कापसाच्या धुरळ्यात उभं केलं आणि बायांना सांगितलं, "हे तुमचे साहेब. गाऱ्हाणी आता ह्यांना सांगायची." यंत्रांच्या आवाजात कोणाला काय ऐकू गेलं देव जाणे. दोघी-तिघींनी लेकरं पदराआड घेतली, एकीनं चोळीची बाही वर केली. देवी टोचणारा आला असं वाटलं त्यांना.

संध्याकाळी सुमतीला सांगितलं. हसता हसता तिची भाकर करपली. मग म्हणाली, "पण खरंच, तुम्ही तिथं करणार काय?"

नागपूरला लेबर ऑफिसरच्या शिक्षणाच्या वर्गात ह्याचं उत्तर फळ्यावर लिहून दिलं होतं. आठवलं नाही.

२१ नोव्हें., गुरु.
दिवसभर रेचेघरात. दोन्ही बाजूंना रेच्यांच्या रांगा, प्रत्येक रेच्यापुढे एक बाई. ती कापूस घालते, रुई पुढे पडते, सरकी खाली. बोटं रुळाच्या इतकी जवळ जातात की पाहणाऱ्याच्या हाताला मुंग्या याव्यात. बोलणं ऐकू येत नाही, म्हणून बाया भुवयांनी आणि ओठांनी बोलतात. मला ती भाषा अजून येत नाही. माझ्याबद्दल बोलतात एवढं मात्र कळतं.

ठरवलं, आधी नावं पाठ करायची. केनवडला मास्तर होतो तेव्हाही हेच पहिलं काम असे.

हजेरी सोनाजी मुकादम घेतो. कागद हातात धरतो, पण पाहत नाही, सगळं तोंडपाठ. अकरा नंबरच्या रेच्याला "गिरजा" म्हणाला, तिथल्या बाईनं "हाव" म्हटलं. भाकरीच्या सुट्टीत त्याच बाईला शेजारीण हाक मारते, "पारबते, पानी दे व."

सोनाजीला विचारलं. म्हणाला, "दोनी एकच समजा ना साहेब."

दोन बाया एकच कशा समजायच्या? खोटी नावं लावून मजुरी खातो की काय म्हातारा? चेहरा तर तसा नाही. पण चेहऱ्यावर गेलो तर ह्या कामाचं झालंच.

२३ नोव्हें., शनि.
सरळ त्या बाईलाच विचारलं. पंचविशीची असेल, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी.

"गिरजा माही मोठी जाऊ हाय. चार रोज झाले बाळंत होऊन. रेचा तिचा. थे येईपर्यंत मी राखून राह्यली."
"म्हणजे नोकरी कोणाची?"
"तिची."
"आणि काम?"
"काम मी करून राह्यली ना. दिसत नाई का?"
आजूबाजूच्या हसल्या. मीही हसलो, दुसरं काय करणार.

मग सोनाजीनं समजावलं. "रेचा घरचा असते साहेब. घरातली एक अडली का दुसरी उभी राह्यते. नाव पहिलीचंच. थे आली का हे बाजूले होते. चोळीचा खण देते पहिली दुसरीले. आजवर भांडन नाई झालं याच्यावरून."

ऐकायला छान वाटलं. दुपारभर छान वाटत राहिलं. संध्याकाळी घरी चालत येताना कामरगावची बाई आठवली आणि सगळं छान उतरलं.

मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या सुट्टीत कारखान्यांच्या इन्स्पेक्टरसाहेबांकडे कारकुनी करत होतो तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या एका जिनात त्या बाईचा उजवा हात रेच्यात गेला. उभी होती बहिणीच्या नावावर. जिनवाले म्हणाले, ह्या नावाची बाई आमच्याकडे नव्हतीच. आणि जिचं नाव होतं त्या बहिणीचे दोन्ही हात शाबूत. अर्जावर अंगठा घ्यायला मला पाठवलं होतं. कोणता अंगठा घ्यायचा ते मला कळेना. शाईची डबी तशीच बंद करून परत आलो.

मास्तरकी सोडून ह्या धंद्यात का आलो, असं आबा विचारतात तेव्हा मी काहीबाही सांगतो. खरं कारण ती डबी आहे.

२ डिसें., सोम.
मॅ. ना योजना सांगितली. प्रत्येक बाईला पितळेचा बिल्ला, त्यावर रेच्याचा नंबर आणि तिचं स्वतःचं नाव. जी उभी तिचंच नाव. उद्या काही अपघात झाला तर ही बाई आमची नव्हे असं कोणी म्हणू शकणार नाही. वाद घालायची तयारी करून गेलो होतो, मुद्दे पाठ केले होते. मॅ. दोन मिनिटांत हो म्हणाले. वर "शाबास" म्हणाले. मुद्दे तसेच राहिले पोटात.

सुमतीला सांगितलं, पहिलं काम फत्ते.

९ डिसें., सोम.
अकोल्याहून बिल्ले आले. काय चकाकतात! वाटप मीच केलं. बायांनी दोऱ्यात ओवून गळ्यात घातले, एकमेकींचे हातात घेऊन पाहिले. "पुतळ्याची माळ झाली व," असं एक म्हातारी म्हणाली. वाचता कोणालाच येत नाही, तरी प्रत्येकीनं आपलं नाव कुठं आहे ते मला बोटानं दाखवायला लावलं. चांगलं वाटलं.

फक्त अकरा नंबरला अडलं. पारबती बिल्ला घेईना.
"गिरजाच्या नावानं द्या."
"उभी कोण आहे? तू. मग नाव तुझं. तुझ्याच भल्यासाठी आहे हे."
"अन् थे आली मंग?"
"मग बघू."
मी "मग बघू" म्हणालो. सोनाजी तिकडे तोंड करून उभा होता. तिनं बिल्ला घेतला, गळ्यात घातला नाही, पदराच्या गाठीत बांधला.

१५ डिसें., रवि.
गावी अनसिंगला जाऊन आलो. आबा बांधावर बसले होते, तुरीच्या शेंगा सोलत. बिल्ल्यांची हकीकत सांगितली. त्यांना आवडली. "लिहून ठेवलं थे बरं केलं. लिहिल्याबिगर काई खरं नसते." मग थोडा वेळ शेंगा सोलल्या आणि विचारलं, "पर तू नेमका कोनाचा मानूस? शेठचा का बायांचा?"
"दोघांच्या मधला."
"मधल्याले गावात दलाल म्हनतात बापा."
आई हसली. मला राग आला, आणि राग आला म्हणजे कुठेतरी लागलं असणार. दलालाला दोन्हीकडून काही मिळतं तरी. पगार शेठ देतात, हे खरं. पण मास्तराचा पगार पोरं कुठं देत होती? तरी मी पोरांचाच होतो. हे उत्तर परतीच्या वाटेवर सुचलं. नेहमीसारखं उशिरा.

२ जाने. ४७, गुरु.
नीट लिहितो, कारण आज मन ठिकाणावर नाही.

सकाळी भोंग्याच्या आधी गिरजा फाटकात. सव्वा महिना पुरा झाला. उंच, ओढलेला चेहरा, काखेत लेकरू, कानाला फडकं. एका हातात नवा खण. पारबतीसाठी, रिवाजाप्रमाणे. सोनाजीनं तिला आत घेतलं. अकरापाशी गेली. पारबती बाजूला झाली, लेकरू घेतलं, त्याच्या कपाळाला कपाळ लावलं. गिरजानं कापसात हात घातला. एवढ्यात मॅ. आले.

"ही कोण?"
सोनाजी: "गिरजा साहेब. अकराची."
"अकराचा बिल्ला पारबतीच्या नावावर आहे. नवीन बाई मला नको."
गिरजा म्हणाली, "मी नवीन?" एवढंच. आवाज चढवला नाही. पाचवा हंगाम तिचा ह्या रेच्यावर.

मी मॅ. ना बाजूला घेतलं. म्हणालो, ही मूळची, ती बदली. मॅ. शांतपणे म्हणाले, "बदली हा शब्द तुमच्या बिल्ल्यावर कुठं आहे? जी उभी तिचंच नाव. नियम तुमचाच आहे ना? उत्तम नियम आहे. अंगावर पाजणारी बाई दिवसातून दोनदा रेचा सोडून बाहेर जाते, ठाऊक आहे ना?"

तेव्हा कळलं, २ डिसेंबरला दोन मिनिटांत हो कसं मिळालं.

गिरजा गेली. खण नेला परत. चौदा नंबरची कमला पोटुशी आहे, ती दिवसभर पोटावरून पदर ओढून घेत होती. काल घेत नव्हती.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. मारुतीसुद्धा बरा.

३ जाने., शुक्र.
सुट्टीत पारबती आली. "मी सोडतो रेचा. तिले उभी करा."
मी आनंदानं मॅ. कडे गेलो. मॅ. म्हणाले, जरूर सोडू द्या. जागा रिकामी झाली की आमच्या पसंतीची बाई लावू, स्टेशनाकडच्या कितीतरी येऊन बसल्यात.

म्हणजे पारबती उभी राहिली तर जावेची जागा खाल्ली, आणि सोडली तर रेचाच घरातून गेला. हे तिला सांगायचं काम माझं. सांगितलं. ती म्हणाली, "अस्सं होय," आणि परत रेच्यावर जाऊन उभी राहिली. दुपारी तिचं काम पाहवेना. डोळे पुसायला हात रिकामा नाही, आणि रुई तर सगळ्यांच्याच डोळ्यांत जाते.

६ जाने., सोम.
सुमती बाजारात गेली होती, तिथं गिरजा भेटली. कशी ओळख काढली कोण जाणे, बायकांना जमतं.

"दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या," सुमती म्हणाली. "गिरजा म्हणते, पारबतीनं साहेबाला लाडीगोडी लावून बिल्ला आपल्या नावानं करून घेतला. मी बाळंतिणीच्या खोलीत आणि ही माझी जागा लिहून घेते, असं म्हणते. पाच वर्षं एका ताटात जेवल्या त्या."

मी भाकरी मोडत राहिलो.

"तुम्ही तिला सांगितलं का, की पारबती नको म्हणत होती?"
"माझ्याकडे आली नाही ती."
"मग तुम्ही जा."
"मी गेलो तर मॅनेजर म्हणतील बायांना फितवतो."
सुमतीनं माझ्याकडे पाहिलं आणि ताट उचललं. आबांचा प्रश्न तिनं न विचारताच विचारला.

१० जाने., शुक्र.
तीन दिवस लिहून, खोडून, शेवटी सापडलं असं वाटतं. जोडबिल्ला. एका बिल्ल्यावर दोन नावं: जिचा रेचा ती, आणि खाली तिची राखणदारीण. दोघी आधीपासून कंपनीला माहीत. जी उभी असेल तिची जबाबदारी कंपनीची. हात गेला तर नाव बिल्ल्यावर आहेच. आणि पहिली परत आली की जागा तिची, भांडण नाही. कामरगावचीही सोय आणि गिरजाचीही.

मॅ. हसले. "एका म्यानात दोन तलवारी?" मी म्हणालो, तलवारी नव्हेत, जावा आहेत. "मग तर त्याहून वाईट." मग गंभीर होऊन म्हणाले, "तुम्ही कंपनीच्या डोक्यावर दुप्पट बाया बसवताय. मी ह्यावर सही करणार नाही. शेठना लिहा हवं तर."

लिहिलं. शेठ अकोल्याला असतात. उंटावरून शेळ्या हाकतात असं सोनाजी म्हणतो, पण उंट त्यांचा आणि शेळ्याही त्यांच्याच.

१४ जाने., मंगळ. संक्रांत.
सकाळी हजेरीला गेलो तर एकीच्याही गळ्यात बिल्ला नाही. रेच्याच्या लाकडात प्रत्येकीनं एक खिळा ठोकलाय आणि बिल्ला त्या खिळ्याला. ओळीनं सगळे लोंबताहेत, यंत्राबरोबर थरथरताहेत. काम चालू, गडबड नाही, घोषणा नाही. मॅ. नी विचारलं तर म्हातारी म्हणाली, "नंबर रेच्याचा हाय ना साहेब? मंग रेच्याच्याच गळ्यात टाकला."

मॅ. मला म्हणाले, "हे तुम्हीच शिकवलंत." शप्पथ घेतली, पण खोटं वाटलं असेल. मी शिकवलं असतं तर इतकं सुबक जमलं नसतं.

उद्यापासून गळ्यात बिल्ला नसेल तिला फाटकातच अडवायचं, असा हुकूम. खिळे काढले गेले. भोकं राहिली.

सुट्टीत पारबतीनं तिळगूळ आणला, गुळाचा नुसता खडा आणि वर तीळ. माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला म्हनत नाई साहेब. खरं बोला."

२० जाने., सोम.
शेठ आले. मला वाटलं होतं खडसावतील. पुढ्यात बसवलं, चहा दिला. माझं लिखाण त्यांनी वाचलं होतं, दोनदा वाचलं असावं.

"साहेब, कायदा तुमी शिकले, धंदा आमी. मले एवढं सांगा, बिल्ले नव्हते तेव्हा हे बाया सुखी होत्या का नाई?"
"होत्या."
"मंग काहून आणले?"
कामरगावचं सांगितलं. ऐकून घेतलं. बशीत चहा ओतून प्यायले. मग म्हणाले, "हे जोडीचं वाईट नाई. पर माहे मॅनेजर नाराज होतील. अन् उद्या बाकीचे जिनवाले मले बोलतील, तू नवी वाट पाडली. इचार करू द्या. तुमाले कायम करायचं का नाई, थे बी तेव्हाच पाहू."

शेवटचं वाक्य जाता जाता, जोडा घालताना म्हणाले. माझी उमेदवारी होळीपर्यंत आहे. म्हणजे गिरजाचा रेचा आणि माझी खुर्ची एकाच गाठीत बांधून अकोल्याला गेले.

त्यांना मी दुष्ट म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं होतं.

२५ जाने., शनि.
अकोल्याहून काही नाही. कमला मला चुकवते. मी ओळीतून गेलो की बायांच्या भुवया थांबतात. आता ती भाषा मला थोडी कळायला लागली होती, आणि आताच माझ्यापुढे बोलणं बंद झालं. सगळे म्हणतात राज्य बदलणार. असेल. स्टेशनावर पेपर येतो, लोक मोठ्यानं वाचतात. मी ऐकतो आणि डोक्यात अकरा नंबर.

मास्तरकीला परत जावं असं आज पहिल्यांदा मनात आलं. केनवडची शाळा घेईल मला. पोरांना पाढे म्हणायला लावावेत आणि संध्याकाळी घरी यावं. कोणाच्या मध्ये उभं राहायचं नाही.

२९ जाने., बुध.
गिरजा घरी आली. माझ्याकडे नाही, सुमतीकडे. पण मी ओसरीवरच होतो, हे तिला दिसलं होतं. लेकरू अंगावर होतं. बसली नाही.

"साहेब, रेचा जाऊ द्या. मले येवढं सांगा, तिनं मांगून घेतला का तुमी देल्ला?"

मला बरंच काही सांगता आलं असतं. शेठ विचार करताहेत, योजना पाठवली आहे, धीर धर. नागपूरला हेच शिकवलं होतं, आधी समोरच्याला शांत करा. पण ती शांतच होती. मी होतो अशांत.

म्हणालो, "मी दिला. ती नको म्हणत होती. गिरजाच्या नावानं द्या म्हणाली. मी ऐकलं नाही. आणि तू आल्यावर काय, असं तिनं विचारलं, तेव्हा मग बघू म्हणालो. तेही मीच."

ती बघत राहिली. मग ओसरीवरच खाली बसली. लेकराला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि सुमतीकडे पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "महिनाभर मी तिले पान्यासाठीबी हाक नाई मारली हो." हे मला नव्हतं, सुमतीला होतं.

मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर रात्री जेवता आलं असतं.

१ फेब्रु., शनि.
आज दोघी पाण्यावर बरोबर दिसल्या. घागर पारबतीच्या डोक्यावर, लेकरू गिरजाच्या काखेत. मला पाहून थांबल्या नाहीत. गिरजानं मान हलवली, इतकी थोडी की मी ती हलवली असं धरून चाललोय.

जिनात दुसराच प्रकार. मॅ. नी सोनाजीला हजेरीवरून काढलं. कारण तो अजून तोंडपाठ नावं घेतो. काल अकराला "गिरजा" म्हणाला आणि पारबतीनं "हाव" म्हटलं. मॅ. म्हणाले, "सोमवारपासून हजेरी तुम्ही घ्यायची. बिल्ल्यावर असेल तेच नाव. मी स्वतः बाजूला उभा राहीन." हे मला अडकवायला की खरंच सोयीसाठी, सांगता येत नाही. दोन्ही असेल.

सोनाजी प्रेसकडे, दाबलेल्या रुईच्या गठाणी मोजायला गेला. जाताना कागद माझ्या हातात दिला. "वाचून घेजा साहेब. तुमाले येते वाचता."

२ फेब्रु., रवि.
दुपारी सोनाजी घरी येऊन निरोप देऊन गेला. उद्या दोघी जावा फाटकात येणार. अकराचं जे नाव घेतलं जाईल ती आत जाईल, दुसरी लेकरू घेऊन बाहेर बसेल. "नाव साहेबानं घ्यावं" म्हणतात. दोघींनी मिळून ठरवलंय, भांडण नाही. ठरवायचं ते माझ्याच गळ्यात घातलं. बिल्ल्यासारखं.

पारबतीनं सोनाजीबरोबर बिल्लाही पाठवला होता. का, ते तिनं सांगितलं नाही. सोनाजीनंही नाही. टेबलावर ठेवून चहा पिऊन गेला.

बराच वेळ तो बिल्ला उलटासुलटा करत बसलो. पारबतीचं नाव म्हणालो तर हुकूम पाळला. गिरजाचं म्हणालो तर रिवाज पाळला, आणि कामरगाव पुन्हा होतं तसं. दोन्हीत कोणीतरी नाव नसलेली उरतेच.

मग उठलो, तांबटाकडे गेलो. पारबतीखाली गिरजाचं नाव कोरून घेतलं. जागा कमी होती, अक्षरं बारीक आली, पण आली. "नव्या नावाले जुन्यापेक्षा उजेड जास्ती दिसते," तांबट म्हणाला. मळेल, म्हणालो.

शेठचा हुकूम नाही. मॅ. ची सही नाही. उद्या अकरा नंबर आला की मी दोन्ही नावं घेणार, आणि जी "हाव" म्हणेल तिच्या गळ्यात हा बिल्ला घालणार. मॅ. शेजारी असतीलच. पुढचं मला माहीत नाही. भीती वाटते, आणि वाटते म्हणून लिहून ठेवतो. आबांना उत्तर अजून मिळालेलं नाही. कोणाचा माणूस ते उद्या सकाळी फाटकात उभ्या असलेल्या सगळ्यांना कळेल, बहुतेक माझ्याआधी.

सुमतीनं बिल्ला हातात घेतला, दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "आणि तुम्हाला काढलं तर? तुमची जागा कोण राखील?"

म्हणालो, कोणी नाही. माझ्या खुर्चीला जाऊ नाही.

ती हसली नाही. भाकरी सकाळी जरा लवकर थाप, म्हणालो, आणि बिल्ला कोटाच्या खिशात ठेवला.